पेपरमधला पॅरा नेमका कुठे तोडायचा? रिव्ह्यू आलाय, मदत हवी

फतेगंजची_लेक
नमस्कार मंडळी. पीएचडीतला माझा पहिला पेपर एका जर्नलला दिला होता, विषय बडोदा संस्थानातली ग्रंथालय चळवळ. रिव्ह्यू आलाय, नाकारलेला नाहीये, दुरुस्त करून पाठवा म्हणालेत. पेपर तपासणाऱ्या दोघांपैकी पहिल्या रिव्ह्यूअरला साधनं आवडलीत, दुसऱ्याचीही मजकुराबद्दल तक्रार नाही पण त्याने लिहिलंय की परिच्छेद एकमेकांत मिसळतात, एक मुद्दा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळत नाही. आता हे दुरुस्त करायचं म्हणजे करायचं काय? घरी मराठी, शाळा गुजराती मिडियम, कॉलेजपासून इंग्लिश, या सगळ्यात पॅरा कसा पाडायचा हे कुणी शिकवलंच नाही, निबंधाला सुरुवात मध्य शेवट हवा एवढंच सांगायचे. नेटवर बघावं तर एकजण म्हणतो पाच ते आठ वाक्यं, दुसरा म्हणतो दोनशे शब्द, तिसरा म्हणतो पानात तीन हवेत.

पेपर इंग्लिशमध्ये आहे पण सगळ्यांना बघता यावा म्हणून त्यातला एक पॅरा मराठीत करून टाकतेय:

"सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू झालं. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावण्यात आलं. बॉर्डन यांनी पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत तयार केली. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात. मोतीभाई अमीन यांनी त्याआधीच मित्रमंडळ ग्रंथालयं सुरू केली होती. गावाने वर्गणी जमवली की सरकार आणि प्रांत पंचायत तेवढीच भर घालत. स्त्रियांसाठी वेगळी सोय होती. अशा प्रकारे ही चळवळ यशस्वी झाली."

इथे कुठे तोडायचं ते सांगा प्लीज. मुदत आहे अजून, पण गाइड सध्या बाहेरगावी आहेत.

दांडियाबाजारकर
लेकी, मटेरियल चांगलं आहे तेव्हा आधी निर्धास्त हो. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, एमएच्या मुलांचे प्रबंध तपासले, आणि हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये यायचा, कुठे तोडायचं. प्रश्नच थोडा बाजूला सरकवून बघ. तोडायचं कुठे हे नंतर, आधी धरायचं काय.

तुझ्या पॅऱ्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने दोन शब्द लिही, हे वाक्य कशाबद्दल आहे ते. पहिल्यापुढे येईल शिक्षणाची पार्श्वभूमी, दुसऱ्या-तिसऱ्यापुढे बाहेरचा तज्ज्ञ, चौथ्यापुढे वाटप, पाचवं लोकांची आधीची धडपड आणि तिथे काळही उलटा मागे जातो, सहावं पैसा, सातवं स्त्री-वाचक, आठवा निकाल. आठ वाक्यांत सात विषय झाले आणि त्यातला एकही दोन वाक्यांच्या पुढे टिकला नाही. वाचणारा दर वाक्याला नव्याने उभा राहतो. म्हणजे हा पॅरा मोठा नाहीये, उलट यातला प्रत्येक विषय उपाशी आहे. एंटर कुठेही मारलास तरी तो उपाशीच राहणार.

आणि शेवटचं "अशा प्रकारे यशस्वी झाली" हे काढूनच टाक. वरच्या सात वाक्यांतलं एकही यशाबद्दल बोलत नाही. यश म्हणायचं तर किती गावांत ग्रंथालयं झाली, किती टिकली, कोण वाचायला येत होतं, हे पुढे मांडावं लागेल, तो वेगळा पॅरा, कदाचित वेगळा विभाग.

आता हेच सगळ्या पेपरला कर. प्रिंट काढ, प्रत्येक पॅऱ्याच्या समासात एक ओळ लिही, की हा पॅरा वाचकाला अमुक एक गोष्ट पटवतो. विषय लिहायचा नाही, "बॉर्डन" एवढं लिहून चालणार नाही, विधान लिहायचं. त्या ओळीत दोनदा "आणि" घालावं लागलं तर पॅरा फोडायचा. दोन पॅऱ्यांपुढे तीच ओळ आली तर ते एकत्र करायचे. ओळ सुचतच नसेल तर तो पॅरा तिथे का आहे हे स्वतःला विचारायचं. मग पेपर बाजूला ठेवून फक्त समास वरून खाली वाचायचा, त्यात युक्तिवाद सलग लागला पाहिजे. इंग्रजीत हल्ली याला रिव्हर्स आउटलाइन म्हणतात, लिहून झाल्यावर काढलेला आराखडा.

फतेगंजची_लेक
सर खूप आभार, निम्म्या पेपरचा समास लिहून झाला आणि बऱ्याच ठिकाणी खरंच "आणि" येतंय. पण एक शंका, प्रत्येक विषयाला वेगळा पॅरा केला तर दोन-दोन ओळींचे पॅरे होतील ना? ते तर वर्तमानपत्रासारखं दिसेल.

प्रूफकाकू
दिसेल, म्हणूनच नुसतं फोडू नकोस. मी बरीच वर्षं जर्नलांचं कॉपीएडिटिंग करते, समाजशास्त्र आणि इतिहासाची जास्त. वर्तमानपत्राचा कॉलम अरुंद असतो म्हणून तिथे पॅरे छोटे ठेवतात, पेपरमध्ये दोन ओळींचा पॅरा दिसला की वाचणाऱ्याला वाटतं इथे पुरावा राहिला.

सगळ्या विषयांना समान जागा द्यायची गरज नाहीये. तुझ्या पेपरचं म्हणणं काय आहे ते तू इथे लिहिलेलं नाहीस, पण मला त्या आठ वाक्यांतलं सगळ्यात जोरदार वाटलं ते वर्गणीचं वाक्य, आणि तेच तू मध्ये कुठेतरी दडपलंयस. मी ते धरून लिहून बघते:

"ग्रंथालयं गावापर्यंत पोचली त्यात सरकारी तिजोरीइतकाच गावकऱ्यांच्या वर्गणीचा वाटा होता. गावाने ठरावीक रक्कम जमवली की तेवढीच प्रांत पंचायत घाली आणि तेवढीच सरकार. म्हणजे सुरुवात गावाने करायची होती, बडोद्याहून नुसता हुकूम सुटून ग्रंथालय उघडत नव्हतं. आणि गावांना हे अगदी नवं नव्हतं, मोतीभाई अमीन यांची मित्रमंडळ ग्रंथालयं संस्थानाचं ग्रंथालय खातं निघण्याआधीपासून चालू होती."

आता बघ मी काय केलं. पहिल्या वाक्यात एक म्हणणं ठेवलं ज्यावर कुणी वाद घालू शकेल. दुसऱ्यात यंत्रणा, पैसा कसा फिरायचा. तिसऱ्यात त्या यंत्रणेचा अर्थ. चौथ्यात मोतीभाई, जे तुझ्याकडे बॉर्डननंतर येऊन काळ उलटा करत होते, ते इथे पुरावा म्हणून आले त्यामुळे मागे गेलेलं खटकत नाही. तिसऱ्या वाक्यानंतर तुझ्या दप्तरातलं एखादं गाव घाल, अमुक गावाने अमुक साली इतके रुपये जमवले असं, की हा पॅरा पुरा भरला. बॉर्डन आणि वर्गीकरण यातून बाहेर गेले, ते मध्यवर्ती यंत्रणेच्या पॅऱ्यात, सेंट्रल लायब्ररीच्या बरोबर. स्त्रियांचा विभाग पण तिकडेच, मुलांच्या विभागाशेजारी.

आणि पुढचा पॅरा आपोआप सुचतो का बघ. मागचा गावाच्या पुढाकारावर संपला, तर पुढचा सुरू होईल "ज्या गावात असं ग्रंथालय अजून उभं राहिलं नव्हतं तिथे पुस्तकं फिरत्या पेट्यांतून जात." वाचकाच्या हातात आधीच असलेली गोष्ट वाक्याच्या सुरुवातीला आणि नवी गोष्ट शेवटाकडे, एवढं सांभाळलं तरी जोड दिसतो, वेगळं "तसेच" लिहावं लागत नाही.

वाघोडिया_रोड
काकू हे वाचून माझा रेकॉर्डिंग समरीचा पॅरा पण आत्ताच बदलला. सोशल वर्कला आहे मी.

मोडीवाचक
प्रूफकाकूंचा पॅरा मला आवडला पण एक आक्षेप नोंदवतो. म्हणणं पहिल्या वाक्यात ठेवलंच पाहिजे हा नियम होऊ नये. आम्ही इतिहासवाले कागद पुढे ठेवतो, त्यातली विसंगती दाखवतो आणि मग म्हणतो की यावरून असं दिसतं. निष्कर्ष आधी सांगितला तर वाचकाला वाटतं आता हा त्याला जुळणारेच कागद दाखवणार.

हा नियम शाळेतून आलाय. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने १८६६ च्या पुस्तकात परिच्छेदाचे नियम बांधले, त्यात सुरुवातीच्या वाक्याने विषय दाखवावा हा एक होता, तिथून तो पाठ्यपुस्तकांत शिरला. १९७४ साली रिचर्ड ब्रॅडॉक यांनी इंग्रजी मासिकांतले २५ निबंध घेऊन प्रत्यक्ष तपासलं तर जेमतेम १३ टक्के परिच्छेदांच्या सुरुवातीला असं वाक्य सापडलं. चांगले लेखक हे करत नाहीत आणि आपण मुलांना मात्र हेच शिकवतो.

दुसरं म्हणजे जागा सोडणं आणि मुद्दा सुटा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडी कागदात शब्दसुद्धा सुटे नसतात, आधी डोक्यावरची रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. तरीही दप्तरातली यादी वाचताना मुद्दा हरवत नाही कारण प्रत्येक बाब संपली की "कलम १" अशी मोजलेली असते, बाब संपली हे लिहिणाऱ्याने ठरवलेलं आहे आणि वाचणाऱ्याला सांगितलेलं आहे, कागद वाचवायला जागा सोडली नसली तरी. तेव्हा या ताईंनी एंटर कुठे मारायचा हे बाजूला ठेवून आधी आपल्या बाबी मोजाव्यात या दांडियाबाजारकरांच्या सांगण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

दांडियाबाजारकर
मोडीवाचक, ब्रॅडॉकचा आकडा बरोबर आहे, पण तुम्हीच लिहिलंत की ते मासिकांतले निबंध होते. मासिकाचा वाचक आरामात बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. रिव्ह्यूअर संध्याकाळी उशिरा वाचतो, आधी सारांश, मग निष्कर्ष, मग प्रत्येक पॅऱ्याची पहिली ओळ बघत खाली येतो आणि जिथे शंका येते तिथे थांबून नीट वाचतो. मीही असंच वाचायचो. त्याला पहिल्या ओळीत काही धरायला मिळालं नाही तर तो लिहितो, मुद्दे एकमेकांत मिसळतात.

तुमच्या म्हणण्यातलं मी एवढं मान्य करतो की निष्कर्ष शेवटी ठेवायचा असेल तर ठेवा, पण मग पहिल्या ओळीत निदान प्रश्न ठेवा. "वर्गणीची अट सगळ्या गावांना सारखी लागू होती का?" असं सुरू करा, मग कागद, मग विसंगती, मग तुमचं अनुमान. वाचणाऱ्याला कळतं की आपण काय शोधतोय. नुसत्या तारखेने सुरू होणारा पॅरा, "१९१० मध्ये...", हा मात्र टाळा, तारीख हे म्हणणं नव्हे.

मोडीवाचक
प्रश्नाने सुरुवात, हे पटलं. सलग चार पॅरे प्रश्नाने सुरू करू नयेत एवढीच पुस्ती.

लेटेक्सवाला
मी इंजिनीअरिंगचा, कलाभवनवाला. आमच्याकडे हा वाद कमी होतो कारण साचा ठरलेला, प्रस्तावना, पद्धत, निष्पत्ती, चर्चा. पण प्रत्येक भागात पॅऱ्याचं काम वेगळं असतं हे मुलांना सांगावं लागतं. पद्धतीत एक पॅरा म्हणजे प्रयोगाचा एक टप्पा, तिथे क्रम महत्त्वाचा. निष्पत्तीत एक पॅरा म्हणजे एक आलेख किंवा एक तक्ता आणि त्यात काय दिसलं ते. चर्चेत मात्र ताईंच्या पेपरसारखं, एक पॅरा एक म्हणणं. बरेचजण निष्पत्तीच्याच पॅऱ्यात असं का झालं असेल ते लिहायला लागतात आणि मग चर्चेत तेच परत येतं.

काकूंनी ओळखीचं आधी, नवं शेवटी सांगितलं त्यावर गोपेन आणि स्वॉन यांचा १९९० चा लेख आहे, अमेरिकन सायंटिस्ट मधला. वाक्याच्या शेवटी जे येतं त्यावर वाचक आपसूक जोर देतो, म्हणून जोर द्यायची गोष्ट तिथेच ठेवा असं त्यांचं सांगणं. विज्ञानातली खरी वाक्यं घेऊन त्यांनी ती दुरुस्त करून दाखवलीत, सायन्सवाल्यांनी जरूर वाचावा.

आता फॉरमॅटिंग. लेटेक्स म्हणजे मजकुरात खुणा टाकून त्यावरून छापील पान बनवणारं सॉफ्टवेअर, त्यात नवा पॅरा म्हणजे सोर्समध्ये (आपण टाइप केलेल्या मूळ फाइलमध्ये) एक मोकळी ओळ, बस्स. लोक दोन बॅकस्लॅश देऊन ओळ तोडतात आणि त्याला पॅरा समजतात, त्याने फक्त ओळ तुटते, पॅरा तोच राहतो, इंडेंट (पहिली ओळ थोडी आत सरकणं) येत नाही. काहीजण दोन बॅकस्लॅश पण देतात आणि मोकळी ओळ पण सोडतात, मग ओळ नीट भरली नाही असं सांगणाऱ्या अंडरफुल एचबॉक्सच्या वॉर्निंगांची रांग लागते.

मथळ्याखालच्या पहिल्या पॅऱ्याला इंडेंट येत नाही म्हणून घाबरू नका, आर्टिकल क्लासची (लेटेक्समधल्या लेखाच्या तयार साच्याची) ती पद्धतच आहे, मथळ्यामुळे तिथे नवं काही सुरू झालंय हे दिसतंच. टेम्प्लेट जर्नलची असेल तर त्यात हात घालूच नये.

आणि एक जागा जी सगळ्यांचीच निसटते. समीकरणानंतर सोर्समध्ये मोकळी ओळ सोडली की पुढचं "जिथे क्ष म्हणजे वेग" हे इंडेंट होऊन नवा पॅरा म्हणून छापलं जातं, वाक्य अर्धं आणि पॅरा नवा. समीकरण हा वाक्याचाच भाग आहे, त्याच्या खाली मोकळी ओळ सोडायची नाही. वाक्य खरंच संपलं असेल तरच सोडा.

फतेगंजची_लेक
दादा मी वर्डमध्ये आहे. आणि माझ्या फाइलमध्ये एक विचित्र गोष्ट होतेय, काही पॅऱ्यांत अंतर जास्त, काहींत कमी, एका ठिकाणी शेवटच्या ओळीतले तीन शब्द पूर्ण ओळभर ताणले गेलेत.

वाघोडिया_रोड
याचं मी सांगते, आमच्या डिपार्टमेंटच्या फाइली मीच दुरुस्त करून देते. होम टॅबवर तो उलट्या पी सारखा आयकॉन आहे तो दाबा, किंवा कंट्रोल शिफ्ट आठ. आता फाइलमध्ये प्रत्येक पॅऱ्याच्या शेवटी तेच चिन्ह दिसेल. जिथे दोन चिन्हं एकाखाली एक आहेत तिथे तुम्ही अंतर ठेवायला एंटर दोनदा मारलाय, आणि वर्ड स्वतः पण प्रत्येक पॅऱ्यानंतर ८ पॉइंट सोडतो, म्हणून कुठे कमी कुठे जास्त. जिथे चिन्हाऐवजी वाकडा बाण दिसतोय तिथे शिफ्ट एंटर पडलाय, तो पॅरा तोडत नाही फक्त ओळ तोडते, आणि मजकूर जस्टिफाय, म्हणजे दोन्ही कडांना सरळ केलेला असेल तर ती अपुरी ओळ ताणली जाते. तुमचे तीन शब्द तिथेच अडकलेत. बाण पुसा आणि साधा एंटर मारा.

डबल एंटर काढायला फाइंड-रिप्लेसमध्ये कॅरेट पी (^p, वर्डमधली पॅऱ्याच्या शेवटाची खूण) दोनदा लिहा, खाली एकदा, आणि रिप्लेस ऑल दाबत राहा जोवर एकही सापडत नाही. मग अंतर आणि इंडेंट दोन्ही स्टाइलमधून द्यायचं. बॉडी टेक्स्ट स्टाइल घ्या, नॉर्मल बदलू नका कारण तक्ते आणि फोटोखालच्या ओळी बहुतेक नॉर्मलवरच उभ्या असतात, तिकडे पण इंडेंट घुसतो. पॅराग्राफ सेटिंगमध्ये फर्स्ट लाइन, अर्धा इंच. स्पेस बारने इंडेंट कधीच नाही, टॅब पण नको.

पीडीएफमधून अवतरण कॉपी केलं तर प्रत्येक ओळीच्या शेवटी पॅऱ्याचं चिन्ह चिकटून येतं, ते लगेच तिथल्या तिथे साफ करा, नंतर सापडत नाहीत.

प्रूफकाकू
छान सांगितलंस. इंडेंट किंवा मधली मोकळी ओळ, यातलं एकच. दोन्ही एकत्र दिलं की पान भोकाभोकांचं दिसतं. एपीएच्या (अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखन-पद्धतीच्या) सातव्या आवृत्तीत पहिली ओळ अर्धा इंच आत, सगळीकडे डबल स्पेस, पॅऱ्यांमध्ये जादा अंतर नाही आणि उजवी कड मोकळी, म्हणजे जस्टिफाय नाहीच. छापताना जर्नल आपल्या पद्धतीने जुळवतं, तुझ्या फाइलचं काम एवढंच की पॅरा कुठे सुरू झाला ते टाइपसेटरला नि:संशय कळावं. पानाच्या अगदी तळाशी एक पॅरा संपला आणि पुढचा नवीन पानावर सुरू झाला, आणि इंडेंट नाही, फक्त मोकळी ओळ आहे, तर ती मोकळी ओळ पानाच्या काठावर हरवते आणि दोन पॅरे जोडले जातात. माझ्या हातून अशी प्रकरणं कितीदा गेलीत. इंडेंट असला की हा प्रश्न येत नाही.

कोठीसमोर
मी प्रबंध मराठीत लिहितोय, मला यातलं किती लागू? आमच्याकडे सगळे जस्टिफाय करून आणा म्हणतात.

मोडीवाचक
युक्तिवादाचं सगळं लागू. दिसण्याचं थोडं वेगळं. वर्ड देवनागरीत शब्द आपणहून तोडत नाही आणि आपले शब्द लांब, "ग्रंथालयव्यवस्थापनविषयक" सारखा एक शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत भगदाडं पडतात. जस्टिफाय बंधनकारक असेल तर करा पण असे समास सोडवून लिहा, "ग्रंथालय व्यवस्थापनाबद्दलचे", वाचायलाही सोपं. ओळींतलं अंतर "एक्झॅक्टली" वर ठेवू नका, वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात, "मल्टिपल" ठेवा. आणि युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फाँटातला प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढला तरी त्यातला शब्द शोधून सापडत नाही.

दांडियाबाजारकर
मराठीत लिहिणाऱ्यांना माझी एक जास्तीची विनंती. आपल्याकडे पॅऱ्याच्या सुरुवातीला "तसेच", "त्याचप्रमाणे", "याशिवाय" असे शब्द हाताला लागतील तसे येतात. "याशिवाय" म्हणजे आणखी एक, एवढंच कळतं. तो आणखी एक मुद्दा मागच्याला बळ देतो, मर्यादा घालतो की उलटवतो, ते कळत नाही. आणि "त्यामुळे" तर फारच जपून. लेकीच्या मूळ पॅऱ्यात १९०६ चं सक्तीचं शिक्षण आधी आणि १९१० चे बॉर्डन नंतर, मध्ये "त्यामुळे" लिहिलं नाहीये हे चांगलंच, पण दोन वाक्यं शेजारी ठेवली की वाचणारा कार्यकारण स्वतःच जोडतो. शिकलेली मुलं वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरतात म्हणून ग्रंथालयं, असा संबंध असेलही, संस्थानाच्या कागदांत तसं कुणी लिहिलेलं असेल तर ते उद्धृत कर आणि ठामपणे "त्यामुळे" लिही. नसेल तर शिक्षणाचं वाक्य या पॅऱ्यात ठेवूच नकोस, प्रस्तावनेत टाक.

फतेगंजची_लेक
सर, वार्षिक अहवालांत बघते, हंसा मेहता लायब्ररीत काही आहेत, बाकी मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररीत मिळतील. संदर्भांचं पण विचारायचंय. एका पॅऱ्यात चार वाक्यं एकाच पुस्तकावरून घेतली असतील तर संदर्भ शेवटी एकदा देतात ना?

प्रूफकाकू
शेवटी एकदा दिला की प्रश्न पडतो की तो फक्त शेवटच्या वाक्याचा की चारही वाक्यांचा. उलट कर, पहिल्याच वाक्यात दे आणि पुढची वाक्यं अशी लिही की अजून त्याच लेखकाचं चाललंय हे दिसत राहील, "त्यांच्या मते", "त्याच अहवालात" असं. एपीएला असं चालतं, प्रत्येक वाक्याला संदर्भ परत लावायची सक्ती नाही. मध्ये तुझं स्वतःचं अनुमान आलं की ते तुझं आहे हे स्पष्ट कर आणि त्यानंतर परत त्या पुस्तकाकडे गेलीस तर संदर्भ परत दे.

पण अख्खा पॅरा एकाच पुस्तकावर उभा असेल तर मी थांबून विचारते की इथे तुझं काय आहे. आणि साम्य कमी दिसावं म्हणून वाक्यांची अदलाबदल करून पॅरे पाडणारे बरेच बघितलेत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात, पण तो आकडा गाठायला पॅऱ्याची घडी मोडली की युक्तिवाद पण मोडतो आणि उसनवारी तशीच राहते.

लेटेक्सवाला
यात भर, पॅरा संदर्भावर किंवा दुसऱ्याच्या अवतरणावर संपवू नये असं आमचे सर सांगतात, शेवटचं वाक्य आपलं असावं. मला पटतं.

मोडीवाचक
मला सरसकट नाही पटत. कधीकधी कागदाचं वाक्यच इतकं स्वच्छ असतं की त्यानंतर आपण बोललो तर ते पातळ होतं. पण नवीन लिहिणाऱ्याने सरांचं ऐकावं.

कोठीसमोर
सारांशाला किती पॅरे असतात?

वाघोडिया_रोड
एपीएत एकच, इंडेंट न देता, साधारण २५० शब्दांच्या आत. मेडिकलवाले उद्देश, पद्धत, निष्पत्ती असे छोटे मथळे देऊन करतात. शेवटी जर्नलच्या सूचना बघायच्या, त्या वेगळ्या असल्या तर त्याच पाळायच्या.

फतेगंजची_लेक
अजून एकच. एका अहवालातला मोठा उतारा घेतलाय, जवळजवळ सात ओळी. तो अवतरणचिन्हांत ठेवू की वेगळा काढू? आणि उताऱ्यानंतर माझा मजकूर सुरू होतो तो नवा पॅरा धरायचा का?

प्रूफकाकू
एपीएत ४० शब्द किंवा जास्त असले की वेगळा काढायचा, पूर्ण उतारा अर्धा इंच आत, अवतरणचिन्हं नाहीत. एमएलए या दुसऱ्या लेखन-पद्धतीत गद्याच्या चार ओळींपेक्षा जास्त असेल तर. तुझं जर्नल कुठली पद्धत म्हणतंय ते बघ. उताऱ्याच्या आधीचं तुझं वाक्य असं हवं की वाचणाऱ्याला आत काय बघायचं ते कळेल, नुसतं "अहवालात म्हटलं आहे" नको, "अहवाल वर्गणीचा बोजा मान्य करतो" असं काहीतरी.

नंतरचा मजकूर त्याच म्हणण्याचा भाग असेल, म्हणजे तू उताऱ्यातल्याच ओळींचा अर्थ लावत असशील, तर तो पॅरा अजून चालू आहे, ओळ कडेपासून सुरू कर, इंडेंट नको. नवं म्हणणं सुरू होत असेल तरच इंडेंट. वर्डमध्ये उताऱ्यानंतर एंटर मारलास की बॉडी टेक्स्टचा इंडेंट आपोआप येईल, म्हणून तेवढ्या पॅऱ्यासाठी एक वेगळी स्टाइल करून ठेव, बॉडी टेक्स्टचीच पण फर्स्ट लाइन शून्य. रूलरवरचा त्रिकोण हाताने सरकवू नकोस, टाइपसेटरकडे फाइल गेली की स्टाइल परत लागते आणि हाताने सरकवलेलं सगळं उडतं.